डावा पाटा, उजवा पाटा

क्रायस्लरच्या प्लिमथने १९६८ मध्ये 'रोडरनर' काढली तेव्हा हिशेब साधा होता: इंजिन दणदणीत, बाकी सगळं बेताचं, आणि किंमत तीन हजार डॉलरांच्या आत. ३८३ घनइंचांचं व्ही-एट इंजिन, कंपनीच्या म्हणण्यानुसार ३३५ अश्वशक्ती. कार्टूनमधल्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर मोजले आणि त्याच्यासारखा 'बीप-बीप' करणारा हॉर्न बसवला. १९६९ मध्ये अशा ८०,००० हून जास्त गाड्या खपल्या. त्यातली एक डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात माझ्या एका मित्राच्या गॅरेजात आहे. मित्र मूळचा कुर्ल्याचा. त्याची भाची इथेच वाढली, आणि गाड्यांच्या सस्पेन्शनची गणितं करणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा आहे. गाडीचे मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगा, बसलेत, काहीतरी करायला हवं, इथवर दोघांचं एकमत. त्यापुढे नाही.

मी टॉर्च धरायला होतो. टॉर्च धरणाऱ्याने मत द्यायचं नसतं हे मला ठाऊक आहे, तरी मधेमधे घुसलोच.

भाची: दोन्ही बाजू मोजल्या. डावीकडे मडगार्डची कड उजवीपेक्षा इंचभर खाली आहे.

मामा: इथे ड्रायव्हर डावीकडेच बसतो ना. पन्नासहून जास्त वर्षं एकाच अंगावर वजन. थकले बिचारे.

भाची: थकले म्हणजे नक्की काय झालं?

मामा: मऊ पडले.

भाची: नाही पडले. हेच सगळे चुकीचं सांगतात. पोलादाचा ताठरपणा वयाने कमी होत नाही. गंजून पातळ झाला नसेल, तर आज या पाट्यावर शंभर पौंड ठेवले की तो १९६९ मध्ये जेवढा दबला असता तेवढाच दबेल. गेली आहे ती कमान. मर्यादेपलीकडचे धक्के खाल्ले की पाटा दर वेळी केसभर कमी परत येतो. वर्षानुवर्षांचे ते केस जमून इंच झाला. ताठरपणा तोच, फक्त आता सुरुवातच खालून होते. म्हणून खड्ड्यात रबरी स्टॉपवर लवकर आदळतो आणि तुला वाटतं मऊ झाला.

मामा: मग तर सोपंच झालं. कमान गेली, कमान परत द्यायची. कुर्ल्याला टॅक्सीचे पाटे काय नवे घालायचे लोक? पाटेवाल्याकडे टाकायचे, तो ऐरणीवर घेऊन हाणायचा, संध्याकाळी गाडी उभी.

भाची: आणि टिकायचे किती?

मामा: पुढच्या पावसाळ्यापर्यंत.

भाची: मग झालं तर.

मामा: अगं, पण त्या टॅक्सीवर काय काय लादायचे! पद्मिनीच्या टपावर कॅरिअर, त्यावर ट्रंका, डिकी दोरीने बांधलेली. त्यातून मालक शहाणा असला तर एक पाटा वाढवून घ्यायचा. मग गाडी भरलेली असली की मस्त, आणि रिकामी असली की मागे बसणाऱ्याची कंबर गेली.

भाची: तेच तर. पाटा वाढवणं हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो, आणि त्याची किंमत रिकाम्या गाडीत मोजावी लागते. आणि घणाने दिलेली कमान का जाते तेही ऐक. थंड पाटा ठोकून वाकवला की पोलादाच्या पोटात ताण अडकून राहतात. रस्त्यावर ते सुटायला लागले की पाटा पुन्हा सरळ होतो. नीट करायचं तर पाटा तापवून लाल करायचा, आकार द्यायचा, तेलात बुडवून कडक करायचा, मग पुन्हा बेताच्या उष्णतेवर धरून त्याचा ठिसूळपणा काढायचा. वरून शॉट-पीनिंग, म्हणजे वरच्या पृष्ठभागावर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा. वजन आल्यावर पाट्याची वरची बाजूच ताणली जाते, चीर तिथूनच सुरू होते. गोळ्यांनी ती कातडी आधीच दाबून ठेवली की चिरेला सुरुवात सापडत नाही.

मामा: एवढं सगळं करणारं दुकान इथे मिळेल.

भाची: मिळेल. पण त्याने करण्यासारखं काही उरलंय का ते आधी बघू. काका, टॉर्च जरा इकडे.

टॉर्च इकडे नेला. मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात; खुद्द डेट्रॉइट शहराच्या पोटाखाली मिठाची खाण आहे, तेव्हा टंचाईचा प्रश्न नाही. ते मीठ पाण्यासोबत पाट्यांच्या मधल्या फटीत शिरतं आणि सुकत नाही. गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते, म्हणून दोन पाट्यांमध्ये त्याचा थर फुगला होता आणि टोकं एकमेकांपासून उचलली गेली होती. भाचीने तारेचा ब्रश मारला. डावीकडच्या दुसऱ्या पाट्यात, सेंटर बोल्टच्या भोकापासून निघालेली बारीक काळी रेघ दिसली. मामाने चष्मा पुसून ती दोनदा पाहिली. चीर पडलेला पाटा तापवून उपयोग नसतो. तिथे पहिला प्रश्न मिटला, आणि मला वाटलं आता चहा होईल.

भाची: तर मग माझं ऐक. पाटे काढूनच टाकू. फोर-लिंक घालू. चार दांडे ॲक्सल धरतील, दोन कॉइलओव्हर, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरवरच चढवलेल्या कॉइल स्प्रिंगा, वजन धरतील. ज्याचं काम त्याने करायचं. उंची पान्याने फिरवून ठरवता येईल, मागचं वजन उतरेल, वळणावर गाडी शहाण्यासारखी वागेल.

मामा: कापावं काय लागेल?

भाची: कापायचं फार नाही. फ्लोअरखाली एक क्रॉसमेंबर वेल्ड करायचा, दांड्यांचे ब्रॅकेट ॲक्सलवर वेल्ड करायचे, वरच्या दांड्यांसाठी थोडा पत्रा...

मामा: म्हणजे कापावं लागेल.

भाची: काही हजार डॉलरांत नवी गाडी मिळेल तुला.

मामा: मला नवी गाडी नकोय. नवी गाडी बाहेर उभी आहे, ती घेऊन मी भाजी आणतो. ही गाडी मुळात काय आहे ते लक्षात घे. हिला वेगळी चॅसी नाही. १९६० पासून क्रायस्लरने या गाड्या एकसंध वेल्ड केलेल्या बॉडीवर काढल्या. मागची चाकं गाडीला पुढे ढकलतात तो सगळा जोर पाट्याच्या पुढच्या टोकातून, त्या चार नटांच्या ब्रॅकेटमधून बॉडीत जातो. दणकट 'हेमी' इंजिनाच्या आणि उघड्या टपाच्या गाड्यांना कंपनीने नेमक्या त्याच जागी पत्र्याच्या जादा पेट्या वेल्ड करून दिल्या होत्या. त्यांना टॉर्क बॉक्स म्हणतात. म्हणजे जोर कुठून जातो हे त्या माणसांना चांगलं माहीत होतं. तू तो जोर उचलून भलत्याच पत्र्यावर नेणार.

भाची: म्हणजे टॉर्क बॉक्स वेल्ड केलेले तुला चालतील?

मामा: ते कंपनीचेच आहेत.

भाची: तुझ्या गाडीला कंपनीने दिले नव्हते. तेव्हा वेल्डिंग चालतं, फक्त क्रायस्लरच्या नावाने झालं पाहिजे.

मामा: हो. तसंच आहे ते. त्यात लाज कसली? वालचंद हिराचंदांनी क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला डॉज आणि प्लिमथ जोडायला घेतल्या, स्वातंत्र्याच्या सुमाराला. त्याच कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या चाळीतली घड्याळं लागायची. मी इथे येऊन फोर्ड घ्यायला हवी होती का?

या मुद्द्याला उत्तर नसतं, आणि भाचीने ते दिलंही नाही. ती दुसऱ्या बाजूने आली.

भाची: बरं. भावना बाजूला. पाटे कंपनीने का घातले? स्वस्त म्हणून. त्याच काळात शेव्हरले शेव्हेल आणि पाँटिॲक जीटीओला मागे कॉइल स्प्रिंगा आणि चार दांडे होते. जनरल मोटर्सला जमलं, क्रायस्लरला का नाही?

मामा: आणि त्याच जनरल मोटर्सच्या कॅमॅरोला काय होतं? १९६७ च्या पहिल्या कॅमॅरोला बाजूला एक, मोजून एकच पाटा. जोरात सोडली की मागचा ॲक्सल असा नाचायचा की दुसऱ्या वर्षी दणकट इंजिनांना अनेक पाट्यांचा गठ्ठा द्यावा लागला, आणि शॉकॲब्सॉर्बर एक ॲक्सलच्या पुढे आणि एक मागे असे बसवावे लागले. 'बुलिट' सिनेमात सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर उड्या मारणारी मस्टँग आणि तिच्यापुढे पळणारी चार्जर, दोघींच्या मागे पाटेच होते. पाटे वाईट नसतात. वाईट पाटे वाईट असतात.

भाची: त्या उड्यांनंतर त्या गाड्यांचं काय झालं तेही सांग.

मामा: ते मी बोलत नाही.

इथे मला घुसायलाच हवं, कारण पुढचं भांडण ज्यावर आहे ती गोष्ट या दोघांना इतकी पाठ आहे की ते ती सांगतच नाहीत. कॉइल स्प्रिंग फक्त वजन पेलते. ॲक्सल जागेवर धरायला तिच्यासोबत दांडे लागतात. पाट्यांच्या गाडीत दांडे नसतात; पाटाच वजन पेलतो, पाटाच ॲक्सलला पुढेमागे आणि आडवं सरकू देत नाही, आणि इंजिनाचा पीळही पाटाच खातो. या रचनेला हॉचकिस ड्राइव्ह म्हणतात, फ्रान्समधल्या एका तोफा आणि मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या नावावरून. त्यातल्या पिळाचा हिशेब भाचीने मला गॅरेजच्या फळ्यावर मांडून दाखवला. या इंजिनाचा टॉर्क ४२५ पाउंड-फूट. पहिल्या गिअरमध्ये तो २.६६ पट होतो, मागच्या ॲक्सलमध्ये आणखी ३.२३ पट. गुणाकार साधारण ३,६५० पाउंड-फूट. एवढ्या जोराने चाकं पुढे फिरायला बघतात, आणि तेवढ्याच जोराने ॲक्सलचं हाउसिंग उलटं, नाक वर करून फिरायला बघतं. त्याला अडवायला तिथे कोण आहे? दोन पाटे. पाटा आडव्या झोपवलेल्या 'एस'सारखा वाकतो, टायर सुटला की झटक्यात सरळ होतो, टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. मागून कोणीतरी घण घालतंय असा आवाज येतो. त्याला व्हील हॉप म्हणतात. त्यात पिनियन गिअर आणि यूजॉइंट मोडलेले आहेत.

अर्थात प्रत्यक्षात एवढा टॉर्क रस्त्यापर्यंत पोचत नाही, आधी टायर सुटतो. आणि नेमका हाच मुद्दा मामाने उचलला.

मामा: १९६९ मध्ये हिला एफ-७० चे चौदा इंची टायर होते. बायस-प्लाय, अरुंद. पाटा पिळायच्या आत ते धूर सोडायचे. कंपनीने पाटे त्या टायरांना बघून ठरवले होते. मागच्या वर्षी रुंद रेडियल कोणी आणून घातले?

भाची: मी. कारण ही गाडी थांबायला हवी होती.

मामा: थांबायला लागली, मान्य. पण आता टायर सुटत नाहीत, म्हणून सगळा पीळ पाट्यावर. हे पाटे जुने म्हणून नाचत नव्हते, तू त्यांना न झेपणारे टायर दिलेस म्हणून नाचत होते.

भाची: बरोबर आहे. पण मग यातून काय निघतं? एक तर टायर परत अरुंद करायचे, नाहीतर पाटे टायरांच्या तोडीचे घ्यायचे. 'होते तसेच' हा पर्याय तू स्वतःच आत्ता मोडीत काढलास.

मामा गप्प झाला. माझ्या मते सगळ्या संध्याकाळमधला हा सर्वांत चांगला घाव होता. जुन्या गाड्यांच्या लोकांना एक भाग तसाच ठेवून त्याच्या शेजारचा बदलायची फार हौस, आणि मग तसाच ठेवलेला भाग अपराधी ठरतो.

मामा: बरं, तोडीचे म्हणजे कसले? तू परवा म्हणत होतीस तो फायबरग्लासचा एकच पाटा?

भाची: का नको? १९८१ च्या कॉर्व्हेटला मागे आडवा फायबरग्लासचा पाटा आला. चाळीसेक पौंडांचा पोलादी गठ्ठा गेला, त्याच्या जागी आठ पौंडांचा एक तुकडा. गंजत नाही, पाट्यावर पाटा घासत नाही. गठ्ठ्यात ते घासणं किती असतं माहितीये ना? वहीची पानं वाकवली की एकमेकांवरून सरकतात तसे पाटे सरकतात. बारीक खाचखळग्यांवर ते आधी सरकतच नाहीत, अडून बसतात. तुझी गाडी सिमेंटच्या रस्त्याच्या प्रत्येक सांध्यावर दातांत येते ना, ते त्यामुळे.

मामा: कॉर्व्हेटचा पाटा फक्त वजन पेलतो. ॲक्सल धरायला तिथे वेगळे दांडे आहेत. पीळ कोण खातं तिथे?

भाची: ...दांडे खातात.

मामा: इथे?

भाची: इथे पाटा. हो, कळलं. एकाच पाट्याने पिळाला अडवायचं तर त्याची जाडी वाढवावी लागेल, आणि जाडी दुप्पट केली की ताठरपणा आठपट. वजन पेलायला तेवढा ताठरपणा नको असतो. म्हणूनच गठ्ठा करतात. बारा मिलिमीटरचा एक पाटा आणि सहा मिलिमीटरचे दोन सुटे पाटे यांत साहित्य तेवढंच, पण दोघांच्या गठ्ठ्याचा ताठरपणा चौथाईच. पातळ पाटा न मोडता जास्त वाकतोही. तरी फायबरच्या पाट्यासोबत वेगळा टॉर्क दांडा घालता येतो. ड्रॅग रेसिंगवाले घालतातच. स्लॅपर बार नाही का!

मामा: म्हणजे आधी पाटा कमजोर घ्यायचा, मग त्याला काठी द्यायची. त्यापेक्षा क्रायस्लरने जे केलं ते बघ ना. पाटे ॲक्सलला मध्यावर बांधलेच नाहीत. ॲक्सल पुढे सरकवला. पुढचा तुकडा आखूड, मागचा लांब. आखूड तुकडा ताठ, तो दांड्याचं काम करतो. लांब तुकडा लवचीक, तो बसणाऱ्याची कंबर सांभाळतो. लांबी अर्धी केली की ताठरपणा आठपट, हे तूच शिकवलंस ना मला? वर ॲक्सलच्या नाकावर रबरी ठोकळा, नाक वर आलं की फ्लोअरला टेकून थांबतं. स्वस्तात केलंय, पण डोकं लावून स्वस्तात केलंय.

भाची: हे मला आवडतं, कबूल. फोर-लिंकचा अर्धा विचार त्या आखूड तुकड्यात आहे.

मामा: आणि डाव्या-उजव्याचं? हेमीच्या गाड्यांना दोन्हीकडचे पाटे सारखे नसायचे. उजवीकडे पुढच्या भागात जादा अर्धे पाटे.

भाची: कारण उजवं चाक उचललं जातं.

मामा: का उचललं जातं ते काकांना सांग. त्यांचा टॉर्च डगमगतोय.

भाचीने सांगितलं ते असं. इंजिनापासून मागे येणारा प्रोपेलर शाफ्ट, गाडीच्या मागे उभं राहून पाहिलं तर, घड्याळाच्या उलट फिरतो. तो ॲक्सलच्या हाउसिंगलाही त्याच बाजूला ढकलतो: डावं चाक रस्त्यात रुततं, उजवं हलकं होतं. पहिल्या गिअरमध्ये शाफ्टवर सुमारे १,१३० पाउंड-फूट येतात. दोन चाकांमधलं पाच फुटांच्या आतबाहेरचं अंतर धरलं तर उजव्या चाकावरून सव्वादोनशे पौंडांच्या आसपास वजन निघून डावीकडे जातं. त्यातलं काही परत मिळतं, कारण इंजिनाच्या उलट जोराने बॉडी उजवीकडे झुकते आणि स्प्रिंगांमधून उजवं चाक दाबते. जेवढा मागचा भाग या झुकण्याला विरोध करेल तेवढं जास्त परत मिळतं. साध्या डिफरन्शियलच्या गाडीने रस्त्यावर एकच काळा पट्टा ओढलेला दिसतो, तो बहुतेक उजव्या चाकाचा असतो. क्रायस्लरचं 'शुअर-ग्रिप' डिफरन्शियल असेल तर दोन पट्टे दिसतात, पण हलकं झालेलं चाक हलकंच राहतं.

भाची: मग तू रेसवाल्यांचे सुपर स्टॉक पाटेच का मागवत नाहीस? त्यात तर उजवा आणखी ताठ, आणखी कमानीचा.

मामा: ते पाव मैल सरळ जाण्यासाठी. क्रायस्लरमधल्या पोरांचा रॅमचार्जर्स नावाचा क्लब होता, दिवसा कंपनीत नोकरी, शनिवार-रविवारी रेसिंग. त्यांनी १९४९ ची एक जुनी प्लिमथ एवढी उंच केली होती की बघणारे हसायचे. 'हाय अँड माइटी' नाव तिचं. उंची वाढली की सोडताना वजन मागच्या चाकांवर जास्त येतं, एवढ्यासाठी सगळं. तो विचार थोर आहे, पण मला वुडवर्ड ॲव्हेन्यूवर ऑगस्टमध्ये जुन्या गाड्यांच्या फेरीत तीस मैलांच्या वेगाने जायचंय, शेजारी बायको बसलेली. सुपर स्टॉक पाटे घातले तर उभ्या गाडीतही उजवी बाजू वर. ती विचारेल पंक्चर आहे का.

भाची: आणि मागचा भाग उंच ठेवला तर वळणावरही त्रास. पाट्याचं पुढचं टोक ॲक्सलच्या वर गेलं की गाडी झुकताना बाहेरचं चाक वर जातं आणि किंचित मागे सरकतं. म्हणजे मागचा ॲक्सल स्वतःच वळायला लागतो, चुकीच्या दिशेला. तू स्टिअरिंग फिरवतोस त्याहून जास्त गाडी वळते. सत्तरच्या दशकात पोरं हवेचे शॉकॲब्सॉर्बर घालून मागचा भाग आकाशात न्यायची ना, रुंद टायर आत मावावेत म्हणून? दिसायला भारी, पावसात वळणावर मरण. त्यातून शॉकॲब्सॉर्बरचे कान वजन पेलायला केलेलेच नसतात, तिथला पत्रा फाटतो.

मामा: मग ठरलं की. हेमीच्या धाटणीचे पाटे, उंची कंपनीची.

भाची: नव्या पोलादाचे, शॉट-पीन केलेले, आणि पाट्यांच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकच्या चकत्या. घासणं कमी.

मामा: चकत्या दिसतात का बाहेरून?

भाची: ॲक्सलखाली झोपलं तर दिसतात.

मामा: चालतील.

एवढ्यावर संपायला हवं होतं. फोर-लिंकचा विषय भाचीने स्वतःच सोडला होता. पाटे बोल्टने बसतात आणि बोल्टनेच निघतात, पुढच्या मालकाला वाटलं तर तो सगळं पूर्ववत करू शकतो, हे तिला पटलेलं दिसलं. खर्चही काही शे डॉलरांत. पण जुन्या गाडीचं काम काढलं की मोठे प्रश्न लवकर सुटतात आणि बुशांवर रात्र जाते.

भाची: पाट्यांच्या टोकांना जे डोळे असतात, त्यांतले बुश पॉलियुरेथेनचे घेऊ.

मामा: रबराचे.

भाची: रबर दबतं, ॲक्सल आडवा हलतो.

मामा: रबर पिळतं सुद्धा. पाटा हलताना डोळा बोल्टभोवती फिरतो, आणि वळणावर पाटा थोडा पिरगळतो. रबर दोन्ही सोसतं. तुझं पॉलियुरेथेन सोसत नाही, ते अडतं. आणि ग्रीस सुकलं की कोकलतं. पुढच्या घराला आमची गाडी आल्याचं बीप-बीपच्या आधी कळेल.

भाची: पुढच्या डोळ्यात पॉलियुरेथेन, मागे शॅकलला रबर?

मामा: उलट का नाही?

भाची: कारण जोर पुढच्या टोकातून जातो, तूच म्हणालास. तिथे दबणं नको. मागचं टोक शॅकलवर नुसतं झुलतं, तिथे रबर चालेल.

मामा: पुढचा डोळाच तर जास्त पिरगळतो. रबर. दोन्हीकडे. कंपनीचं.

भाची: बरं, रबर. पण मग बोल्ट हवेत आवळायचे नाहीत. गाडी घोड्यांवरून उतरवायची, चाकांवर वजन आलं की मगच आवळायचे. नाहीतर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. आणि यू-बोल्ट नवे घ्यायचे, जुने परत वापरायचे नाहीत, एकदा ताणलेले असतात ते. पिनियनचा कोनही मोजायचा. पाटे बदलले की ॲक्सलचं नाक हलतं. उभ्या गाडीत दोन-तीन अंश खाली हवं, म्हणजे जोर आल्यावर वर येऊन शाफ्टच्या रेषेत बसेल.

मामा: कमी पडलं तर पाचर घालू.

भाची: पाचर पोलादाची. ॲल्युमिनियमची दबते, मग यू-बोल्ट सैल होतात.

मामा: आणि शॉकॲब्सॉर्बर आहेत तेच.

भाची: नाही. पाट्यांचं घासणं आपण कमी केलं. ते घासणंच इतकी वर्षं अर्धं शॉकॲब्सॉर्बर होतं. ते काढून घेतलंस तर गाडी डोलत राहील. नवे, ॲडजस्टेबल.

मामा: काळे मिळतील का?

भाची: रंग मी देईन.

मामा: आणि यू-बोल्ट हजार मैलांनी पुन्हा बघायचे ना?

भाची: शंभरला एकदा, पाचशेला एकदा. तेव्हाच उंचीही मोजू. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे बसतातच, त्यामुळे सुरुवातीला मागून उंच दिसेल. लगेच ओरडू नकोस.

मामा: किती उंच?

भाची: अर्धा-पाऊण इंच.

मामा: बसले नाहीत तर?

भाची: तर एक पाटा काढून बघू.

मामा: हेमीचा गठ्ठा सोडून पाटा काढायचा? मग हेमीचे घेतले कशाला?

भाची: मामा, ते बसल्यावर भांडू.